सहा डिसेंबरची गाडी

आपल्या विहाराच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघत आहे आणि समितीने मला इतिहासावर काही लिहा म्हणून सांगितले. विहाराची जागा कशी मिळाली, मूर्ती कोणी आणली, पहिला वर्षावास कधी झाला हे इतर जाणती मंडळी लिहितीलच. मी साखर कारखान्यातला कामगार माणूस, माझं शिक्षण जे काही झालं ते शाळेबाहेरच झालं. म्हणून मला जे नीट माहीत आहे तेच लिहितो. मी लिहिणार आहे ट्रकचा इतिहास.

आपल्या वस्तीतून दर सहा डिसेंबरला दादरला ट्रक जायचा. आज विशीतल्या मुलामुलींनी तो पाहिलेला नाही. त्यांना वाटतं, ट्रक भाड्याने घेतला, माणसं बसली आणि गेली. तसं नव्हतं. दिवाळी सरली की तयारी सुरू व्हायची ती चार डिसेंबरच्या रात्रीपर्यंत चालायची. आणि त्या तयारीतली एकेक वस्तू, एकेक नियम हा कुठल्या तरी साली काहीतरी सोसल्यावर आलेला आहे. ताडपत्री मागून उघडी का ठेवायची, बारदान का अंथरायचं, रेडिओ कोणी घ्यायचा, या प्रत्येकाला कारण आहे. ही कारणं कुठल्या पुस्तकात छापलेली नाहीत, म्हणून इथे छापून ठेवावी असं वाटलं.

आधी थोडं मागचं सांगितलं पाहिजे. रस्ता आपल्या माणसाला नवा नव्हता. महार वतनात जी कामं होती त्यातली निम्मी रस्त्यावरचीच. सरकारी टपाल पुढच्या गावच्या वेशीपर्यंत पोचवायचं, खजिन्याबरोबर चालायचं, साहेब फिरतीवर आला की त्याचं सामान वाहायचं, वाटाड्या म्हणून घोड्यापुढे धावायचं, कुणी मेलं तर गावोगाव सांगावा न्यायचा. म्हणजे शेपन्नास कोसांतला प्रत्येक ओढा आणि प्रत्येक खिंड त्याला ठाऊक, पण गाडीत बसून कुठे जायचा त्याला हक्क नव्हता. मुंबई राज्यात ही कनिष्ठ गावकामगारांची वतनं रद्द करणारा कायदा झाला तो १९५८ साली. तो होण्यासाठी प.पू. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात वतनाचं बिल मांडलं होतं, आणि नंतर ते स्वतः आपल्या नगर जिल्ह्यातही आले. डिसेंबर १९३९ मध्ये श्रीरामपूरजवळ हरेगावला, जिथे बेलापूर कंपनीचा साखर कारखाना होता, तिथे वतनदारांची मोठी परिषद झाली. सरकारने वतनी जमिनीवरची जुडी वाढवली होती, त्याविरुद्ध ती परिषद होती. आमचे आजे तिथे गेले होते. ते सांगायचे की लोक दोन दोन दिवस अगोदर निघाले, कुणी पायी, कुणी बैलगाडीने, आणि गाडी ज्याच्याकडे होती ती त्याची स्वतःची नव्हतीच, मालकाकडून मागून आणलेली. हिवाळ्याचे दिवस, रात्री उसाच्या फडाशेजारी शेकोटी करून झोपायचं. भाकरी घरून बांधून आणलेली. सहा डिसेंबरच्या आपल्या प्रवासाची मुळं मला तिथे दिसतात. मागून आणलेलं वाहन, थंडी, बांधून आणलेली भाकरी आणि बाबासाहेब.

मग १९५६. सहा डिसेंबरला पहाटे दिल्लीत अलिपूर रोडवरच्या बंगल्यात बाबासाहेबांचं महापरिनिर्वाण झालं. पार्थिव विमानाने मुंबईला सांताक्रूझला आलं तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. सात तारखेला दुपारी दादरच्या राजगृहावरून अंत्ययात्रा निघाली आणि संध्याकाळी दादरच्या चौपाटीवर अग्निसंस्कार झाला. तिथेच भदन्त आनंद कौसल्यायन यांच्याकडून लाखो लोकांनी धम्मदीक्षा घेतली. आता खेड्यातल्या माणसाच्या बाजूने हिशेब करा. बातमी सहा तारखेला रेडिओवर. रेडिओ गावात असला तर एखादा, तोही पाटलाच्या नाहीतर दुकानदाराच्या घरी. म्हणजे आपल्या वस्तीत खबर यायला सांज झाली. मुंबई अडीचशे किलोमीटरच्या वर. हातात एक रात्र आणि अर्धा दिवस. आमचे आजे आणि बरोबरचे पाचसहा जण रात्री चालत स्टेशनावर गेले, गाडीची वाट पाहत थंडीत बसले, मनमाडला गाडी बदलली आणि दादरला पोचले तेव्हा आठ तारीख उजाडली होती. समुद्राच्या काठी लोक राख कपाळाला लावत होते एवढंच त्यांनी पाहिलं. घरी आल्यावर आजे म्हणाले, "वाहन आपल्या हातात नव्हतं म्हणून बाप बघायला मिळाला नाही." हे वाक्य आमच्या घरात इतक्यांदा बोललं गेलं आहे की मी जन्मायच्या आधीचं असूनही मला ते त्यांच्या आवाजात ऐकू येतं.

पुढची काही वर्षं लोक रेल्वेनेच जात. आपली दौंड-मनमाड लाइन जुनी, १८७८ सालची, पण ती सरळ मुंबईला जात नाही. मनमाडला नाहीतर दौंडला उतरून गाडी बदलायची, आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तिकडून येणाऱ्या गाड्या नागपूर-विदर्भाच्या, मराठवाड्याच्या माणसांनी आधीच खच्चून भरलेल्या. पोरं खिडकीतून आत जात, म्हातारी माणसं आणि बाया फलाटावर राहत. ५ डिसेंबर १९७१ रोजी चैत्यभूमीच्या स्तूपाचं उद्घाटन मीराताई आंबेडकर यांच्या हस्ते झालं. त्यानंतर गर्दी दरवर्षी वाढतच गेली. आता नुसतं चौपाटीवर जाऊन यायचं नव्हतं, आईला, आजीला स्तूपाचं दर्शन घडवायचं होतं. ते रेल्वेच्या फलाटावरून होणारं नव्हतं. तेव्हा वस्तीने ट्रक ठरवायचं मनावर घेतलं.

ट्रक जुनाच का असायचा, हे आता सांगतो. कारण पुष्कळांना वाटतं पैसे कमी म्हणून जुना. तेही होतंच, पण खरं कारण ऊस. १९५० साली प्रवरेला सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि नंतरच्या वीसपंचवीस वर्षांत आपला जिल्हा कारखान्यांनी भरून गेला. गळीत हंगाम सुरू होतो दिवाळीच्या आगेमागे आणि चालतो उन्हाळ्यापर्यंत. डिसेंबर म्हणजे ऐन हंगाम. चांगला ट्रक म्हटला की तो कारखान्याशी करार केलेला, दिवसरात्र फड ते कारखाना खेपा मारणारा. तो तीन दिवस मुंबईला पाठवला तर मालकाच्या खेपा बुडतात, फडातली टोळी बसून राहते. मग आपल्याला मिळायचा कोणता? तर उसातून बाद केलेला. ज्याचे पाटे बसलेत, टायर गुळगुळीत झालेत, जो चढाला धूर ओकतो, असा. टाटा मर्सिडीज म्हणून सुरुवातीला निघालेल्या गाड्या होत्या, त्यातली एक आमच्याकडे कित्येक वर्षं ठरलेली होती. तिला आम्ही म्हातारीच म्हणायचो.

आणि मालकाची तऱ्हा ऐका. त्याच मालकाचा तोच ट्रक आषाढीला दिंडीचं सामान घेऊन पंढरपूरला जायचा, एक पैसा न घेता. त्याबद्दल माझी तक्रार नाही, ज्याची त्याची श्रद्धा. पण आमच्याकडून मात्र भाडं पूर्ण आगाऊ, डिझेल आमचं, आणि वर अनामत. एका वर्षी तर "गाडी धुऊन परत आणा" असं सांगितलं. उसाची मळी आणि चिखल यांनी बरबटलेली गाडी आम्ही नेताना धुवून घेतली होती, त्याबद्दल काही नाही. तेव्हा तात्या म्हणाले, "धुऊ, दोनदा धुऊ, पण पावती दे." अनामतीची पावती घ्यायची हा नियम तेव्हापासूनचा.

वर्गणीची वही दिवाळीनंतर निघायची. घरटी रक्कम ठरवायची, पण विधवा बाई आणि हंगामात काम न मिळालेला माणूस यांच्याकडून घ्यायची नाही, नाव मात्र लिहायचं. हा भेद बाहेरच्याला वहीत दिसू नये म्हणून रकमेचा रकाना वेगळ्या पानावर असे. १९७२ च्या दुष्काळात आपल्या जिल्ह्याची काय दशा झाली ते जुन्यांना सांगायला नको. माणसं खडी फोडायच्या कामावर होती. त्या वर्षी वर्गणी जमली नाही, तरी लोक गेले. ट्रकने तालुक्यापर्यंत, पुढे रेल्वेने, मिळेल तसं. आई सांगायची की त्या साली शिदोरीत लाल मिलोच्या भाकरी आणि कामावर मिळालेली सुकडी होती. दादरला शेजारी बसलेल्या नागपूरच्या बाईने तिला चिवडा दिला आणि हिने तिला सुकडी दिली.

आता यंत्राचं. या बाबतीत आपल्या वस्तीचं भाग्य असं की निम्मी माणसं कारखान्यात. फिटर होते, वेल्डर होते, बॉयलरवरचे होते. मालकाने "गाडी ओके आहे" म्हटलं तरी आम्ही ती पाच दिवस आधी आणून वडाखाली उभी करायचो आणि ड्यूटी सुटली की रोज संध्याकाळी तिच्याखाली शिरायचो. पहिले पाटे बघायचे. मुख्य पान तडकलेलं असेल तर बाकीचं सगळं व्यर्थ आहे, कारण माणसांचा भार हा उसासारखा बांधलेला नसतो, तो हलतो. वळणावर पन्नास माणसं एकदम एका बाजूला झुकतात. मग टायर. मागची चार चाकं रिमोल्ड चालतील, पण पुढची दोन चांगलीच हवीत, यावर आम्ही अडून बसायचो. पुढचं टायर फुटलं तर स्टेअरिंग हातात राहत नाही. मालक दिला नाही तर वर्गणीतून भाड्याने आणायचो, मुंबईहून आल्यावर काढून परत द्यायचो.

ब्रेक. जुन्या गाडीचा ब्रेक म्हणजे तेलाचा. नळीत हवा शिरली की पहिल्यांदा दाबलं तर पाय खाली जातो, दोनतीनदा पंप केला की धरतो. सपाटीवर ड्रायव्हर याला सरावलेला असतो, त्याला त्यात काही वाटत नाही. पण खंडाळ्याच्या घाटात पंप करायला वेळ कुठला? म्हणून हवा काढणं, वायसर बघणं, तेल भरणं हे आम्ही स्वतः उभं राहून करून घ्यायचो. आणि ड्रायव्हरकडून शब्द घ्यायचो की उताराला गाडी न्यूट्रल करायची नाही. डिझेल वाचतं म्हणून पुष्कळ जण करत. ज्या गिअरवर चढ चढतो त्याच गिअरवर उतार उतरायचा, हे त्याला सांगायला वस्तीतली म्हातारी माणसंसुद्धा पुढे होत. शिवाय दोन लाकडी ओंडके घेतलेले असत, गाडी उभी राहिली की क्लीनरने चाकामागे लावायला. दगड शोधत बसायचं नाही, अंधारात दगड मिळत नाही.

थंडीचं वेगळं काम असे. आपल्याकडे डिसेंबरात पहाटेचा पारा दहाच्या आसपास येतो, कधी खालीही जातो. जुनं डिझेल इंजिन रात्रभर उघड्यावर राहिलं की पहाटे उठत नाही. बॅटरी थंडीने मंद झालेली. आधी हिटर द्यायचा, मग सेल्फ मारायचा, आणि एका दमात फार वेळ मारायचा नाही, नाहीतर बॅटरी बसते आणि मग पन्नास माणसांनी धक्का मारायचा. म्हणून आम्ही दोन गोष्टी केल्या होत्या. एक तर गाडी नेहमी उताराला तोंड करून उभी करायची. दुसरं म्हणजे रात्री बॉनेटवर दोन बारदानं टाकायची. रेडिएटरला गरम पाणी घालायचं ते वस्तीतल्या चुलीवरच तापवलेलं. पाण्याचे दोन कॅन वेगळे, घाट चढताना पाणी उकळलं तर लागणारे. ते प्यायच्या पाण्याच्या पिंपाजवळ ठेवायचे नाहीत, कारण एकदा एका पोराने तेच प्यायलं होतं. फॅनबेल्ट एक जादा. मागचा दिवा चालू आहे की नाही हे शेवटी बघायचं नाही, पहिल्यांदा बघायचं. धुक्यात मागून येणाऱ्याला तेवढंच दिसतं.

गाडीच्या हौद्यात काय अंथरायचं यावर मोठा इतिहास आहे. सुरुवातीला उसाचं पाचट टाकायचे. मऊ असतं, ऊब असते, फुकट मिळतं. त्यावर वाकळ टाकली की झोप छान लागे. पण एका वर्षी शिरूरच्या पुढे विडीची ठिणगी पाचटात गेली. वाऱ्याने धुमसायला लागलं. वेळीच ध्यानात आलं, पिंपातलं पाणी ओतलं, लोकांनी उड्या मारल्या, एका आजींचा पाय मोडला. त्यानंतर पाचट बंद. कारखान्यातून जुनी साखरेची बारदानं विकत आणायची, आत भुसा न भरता नुसती चार थर अंथरायची, वर सतरंजी, आणि हौद्यात विडी ओढायची नाही. विडी बंदीवर सगळ्यात जास्त भांडणं झाली हे मी इथे लिहून ठेवतो. ताडपत्री बांबूच्या कमानीवर बांधायची, पुढून आणि बाजूने घट्ट, पण मागचा पडदा पूर्ण सोडायचा नाही. थंडी लागते म्हणून बाया तो बंद करायला सांगत. बंद केला की सायलेन्सरचा धूर मागून आत ओढला जातो, माणसं ओकायला लागतात, लेकरं सुस्त पडतात. लोकांना वाटे गाडी लागली. ती गाडी लागलेली नव्हती, धूर होता. हे आमच्या ध्यानात यायला चारपाच वर्षं गेली.

आयाबायांनी तयारीत जे बदल केले ते मात्र आम्हा पुरुषांना सुचलेच नव्हते. ट्रकचा फाळका माणसाच्या छातीएवढा उंच. पुरुष चाकावर पाय देऊन चढतात. नऊवारी नेसलेली साठ वर्षांची बाई कशी चढणार? तिला दोघांनी वर ओढायचं आणि तिने लाजेने मान खाली घालायची, असं किती वर्षं चाललं. महिला मंडळाने सांगितलं, शिडी नसेल तर आम्ही येत नाही. वेल्डरने पाच पायऱ्यांची शिडी करून दिली, ती फाळक्याला अडकवून न्यायची. दुसरं, गाडी कुठे थांबायची हे ड्रायव्हर आणि पुढारी ठरवत, आणि ते थांबत चहाच्या हॉटेलापाशी, जिथे उजेड आणि पुरुषांची गर्दी. बायांना हवा होता अंधार आणि आडोसा. त्या दिवसभर पाणी प्यायच्या नाहीत, थांबायला लागू नये म्हणून. मग असं ठरलं की थांबायच्या जागा बाया ठरवतील, आणि पहाट व्हायच्या आत एक थांबा झालाच पाहिजे. पांढरं लुगडं पेटीत घडी करून न्यायचं आणि दादरला पोचल्यावर नेसायचं, हेही त्यांचंच. धुळीने अंगावरचं पांढरं मातीच्या रंगाचं होतं आणि बाबासाहेबांपुढे मळक्या कपड्यात उभं राहायचं नव्हतं.

शिदोरी तीन दिवसांची. साधी भाकरी दुसऱ्या दिवशी वाळते, म्हणून दशम्या. शेंगदाण्याची चटणी, तिळाची चटणी, लसणाचा ठेचा, भाजलेलं सुकट. सुकट वेगळ्या डब्यात, त्याचा वास सगळ्या हौद्यात सुटतो. ओल्या भाज्या नाहीत. शेवंतीची फुलं ओल्या फडक्यात गुंडाळून. मेणबत्त्या, अगरबत्त्या. जेवण एकत्र उघडायचं, ज्याचं त्याने वेगळं खायचं नाही.

चार तारखेला रात्री पंचशील घेऊन गाडी निघायची. आपल्याकडून माळशेज घाटाने मुंबई जवळ पडते, आळेफाटा, ओतूर, मुरबाड, कल्याण अशी. पण आम्ही जाताना मुद्दाम पुण्याच्या रस्त्याने जायचो. पहिली गाठ नगरला. तिथे औरंगाबादचा, पाथर्डीकडचा आणि मनमाडचा रस्ता एकत्र येतो. मराठवाड्यातल्या गाड्या तिथे भेटायच्या. १९७८ साली जुलैमध्ये विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि तिकडे आपल्या लोकांची घरं जाळली गेली, तेव्हा त्या डिसेंबरात ज्या गाड्या आल्या त्यातल्या माणसांजवळ अंथरूण-पांघरूणही पुरेसं नव्हतं असं आमचे वडील सांगत. त्यांना इकडच्यांनी वाकळा दिल्या. तेव्हापासून प्रत्येक घराने एक पांघरूण जादा घ्यायचं असं ठरलं. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला, तरी जादा पांघरुणाचा नियम आम्ही मोडला नाही. कुणाला ना कुणाला ते लागायचंच.

पुढे पहाटे कोरेगाव भीमा. बाबासाहेब १ जानेवारी १९२७ ला तिथे आले होते. स्तंभाला वंदन करायचं. मग पुणे ओलांडून देहूरोड. २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी स्वतःच्या हाताने जिथे बुद्धमूर्ती बसवली ते हे ठिकाण, धम्मदीक्षेच्या दोन वर्षं आधी. म्हाताऱ्या माणसांना दादरपेक्षाही इथे थांबायचं असे. मग खंडाळा. एक्सप्रेसवे २००२ साली पुरा झाला, त्याआधी सगळी वाहतूक जुन्याच घाटातून. अमृतांजन पूल दिसला की ताडपत्रीखालची भीमगीतं आपोआप थांबायची. तो पूल २०२० साली पाडला. घाट उतरून खोपोली आली की पुन्हा गाणी सुरू. आणि खोपोलीनंतर थंडी संपते, स्वेटर काढायचे, ही गंमत लेकरांना फार वाटायची.

१९९२ चं सांगितल्याशिवाय हा इतिहास पुरा होत नाही. त्या वर्षी सहा डिसेंबर रविवारी होता. दर्शन झालं, शिवाजी पार्कवर भाषणं ऐकली, आणि अंधार पडता पडता कानावर आलं की अयोध्येत मशीद पाडली. आमच्या म्हातारीचा ड्रायव्हर मुसलमान होता. सगळी वस्ती त्याला चाचा म्हणे. आठ वर्षं तोच आम्हाला आणत होता, हिटर कसा द्यायचा ते मला त्यानेच शिकवलेलं. आमच्यात लगेच बोलणं झालं, रात्रीच निघायचं. कुणी म्हणालं चाचाला हौद्यात बायांच्या मागे बसवू, गाडी दुसरा चालवील. चाचाने ऐकलं नाही. म्हणाला, "घाट है, बेटा. इसका ब्रेक मेरे पाव को पहचानता है." मग केबिनमध्ये त्याच्या दोन्ही बाजूंना आम्ही दोघे बसलो, पुढे निळा झेंडा बांधला, आणि सायन-पनवेल रस्त्याने निघालो. जागोजाग पोलीस होते. पनवेलला हॉटेलच्या रेडिओवर बातम्या ऐकल्या. रस्त्यात दोनदा माणसांनी गाडी थांबवून आत कोण आहे विचारलं. दोन्ही वेळा मागून आमच्या आत्याबाईंनी ताडपत्री वर करून मोठ्याने "जय भीम" घातला आणि म्हणाल्या, "बाबासाहेबांची माणसं हायेत, ड्रायव्हरसकट." काही घडलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी चाचाला त्याच्या घरापर्यंत सोडून मग आम्ही वस्तीत आलो. मुंबईत त्या रात्रीपासून आणि नंतर जानेवारीत जे झालं ते सगळ्यांना माहीत आहे. पुढच्या वर्षीपासून तयारीत दोन गोष्टी वाढल्या. सेलवरचा रेडिओ, आणि जड वाहनाचा परवाना असलेला दुसरा माणूस. चाचा पुढेही चार वर्षं गाडीवर होता.

परतीच्या प्रवासाचीही तयारी असायची, ती म्हणजे रिकामी पेटी. जाताना शिदोरीची जागा रिकामी होत जाते, त्या जागेत येताना पुस्तकं. शिवाजी पार्कवर सहा डिसेंबरला पुस्तकांचा जो बाजार भरतो तसा मी दुसरीकडे कुठे पाहिला नाही. १९७९ पासून महाराष्ट्र शासनाने बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे इंग्रजी खंड काढले, ते स्वस्त मिळत. आम्हाला इंग्रजी येत नव्हतं तरी घेतले, पोरं वाचतील म्हणून. मराठी पुस्तकं, पुस्तिका, कॅलेंडर. वर्गणीतून जे उरेल ते सगळं पुस्तकांना, हे पहिल्यापासून ठरलेलं. ओल लागू नये म्हणून बारदानात गुंडाळून, वर मेणकापड. आपल्या विहारातल्या वाचनालयाची पहिली दीडदोनशे पुस्तकं अशी ट्रकमधून आलेली आहेत. पहिल्या पानावर मागे कोपऱ्यात तारखेची पेन्सिलने केलेली खूण आहे, बघा.

ट्रक बंद झाला ते बरं झालं असं माझं स्पष्ट मत आहे. काही मंडळी अलीकडे त्याचं फार कौतुक करतात, ट्रकमधली मजा, ट्रकमधली एकी वगैरे. ज्यांना हौद्यात गुडघे पोटाशी घेऊन बारा तास बसावं लागलं त्यांना विचारा. मालाच्या गाडीत माणसं भरून नेणं कायद्यातही बसत नव्हतं, नाक्यानाक्यावर हात जोडावे लागत, कधी पैसे मोजावे लागत. आणि दर सालाला कुठल्या ना कुठल्या जिल्ह्यातली गाडी परतीला उलटल्याची बातमी यायची, कारण ड्रायव्हर दोन रात्री झोपलेला नसायचा. आमची म्हातारी उलटली नाही याचं कारण नशीब नव्हे, वडाखालच्या त्या पाच संध्याकाळी. आता बस असते, बसण्याची जागा ठरलेली असते, मुंबईत महानगरपालिका शिवाजी पार्कवर मंडप, पाणी, दवाखाना याची सोय करते, रेल्वे जादा गाड्या सोडते. हे आपण मागून मागून मिळवलेलं आहे.

पण बस ठरवली म्हणून तयारी संपली असं तरुण मंडळाने समजू नये. मागच्या खेपेला जी बस आली तिचं पुढचं एक टायर मला पसंत नव्हतं, मी बोललो तर पोरं हसली. टायर बदलून घेतलं मात्र. यंदाही चार तारखेची बस तीन तारखेला दुपारीच विहारासमोर आणून उभी करायची आहे, मी आणि कारखान्यातले दोघे फिटर बघणार आहोत. थांबे महिला मंडळ ठरवील. नावं आणि वर्गणी वीस नोव्हेंबरच्या आत द्यावी, प्रत्येक घराने एक पांघरूण जादा घ्यावं, आणि पुस्तकांची पेटी विहाराच्या मागच्या खोलीत आहे ती कुणीतरी आठवणीने खाली काढून ठेवावी, तिचा कडी-कोयंडा सैल झाला आहे.